लसीकरण कार्डावरची ओळ ठरवतं कोण?

डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका सल्लागार समितीनं मतदान घेऊन ठरवलं, की आईला हिपॅटायटिस-बीची, म्हणजे एका प्रकारच्या काविळीची, लागण नसेल तर बाळाला जन्मल्याबरोबर त्या आजाराची लस देण्याची सरसकट शिफारस नको. आईवडिलांनी डॉक्टरांशी बोलून काय ते ठरवावं. १९९१ पासून चालत आलेला सल्ला बदलला. आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवर येईपर्यंत या बातमीचं 'अमेरिकेनं काविळीची लस बंद केली' असं झालं होतं. ज्या घरातलं एक नातवंड अमेरिकेतल्या एडिसनला आणि दुसरं चिंचवडला, तिथे तर प्रश्न थेटच पडतो: विषाणू तोच, लस तीच, मग इकडच्या बाळाला चोवीस तासांच्या आत टोचतात आणि तिकडच्या बाळाबद्दल 'तुमचं तुम्ही ठरवा', हे कसं?

अमेरिकेतल्या या निर्णयाला राजकारणाची बाजू आहे, ती आधी सांगून टाकतो. जून २०२५ मध्ये तिथले आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी या समितीचे सगळे १७ सदस्य एका फटक्यात काढले आणि नवे नेमले. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेला नव्या समितीचा हा सल्ला मान्य नाही. ती जन्मतःच्या डोसचीच शिफारस करते. पण हे सगळं बाजूला ठेवलं तरी दोन देशांतल्या दोन प्रामाणिक समित्या एकाच लशीबद्दल वेगवेगळं सांगू शकतात, आणि त्यात दोघींचंही काही चुकलेलं नसतं. कारण 'ही लस चांगली आहे का' हा त्यांच्यापुढचा प्रश्नच नसतो. आपल्या देशातल्या मुलांना, आपल्या यंत्रणेतून, आपल्या पैशात ती देणं शहाणपणाचं आहे का, असा तो प्रश्न असतो. आपल्याकडे त्याचं उत्तर कसं शोधतात ते पाहू.

पासिंग झालं म्हणजे फेरी सुरू झाली असं नाही

नवी बस आरटीओत पासिंग होते, म्हणजे ती रस्त्यावर चालवायला योग्य आहे एवढं ठरतं. तीच बस वरंध घाटातून महाडला सोडायची का, दिवसाला किती फेऱ्या, वाटेत बिघडली तर मेकॅनिक कुठून येणार, ही सगळी डोकेदुखी एसटीच्या विभागीय कार्यालयाची. लशीच्या बाबतीतही ही दोन कामं वेगवेगळ्या लोकांकडे आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची हमखास गल्लत होते.

पासिंगचं काम भारताचे औषध महानियंत्रक करतात. कंपनीनं चाचण्यांची माहिती द्यायची, त्यांच्या तज्ज्ञांनी ती तपासायची, आणि लस सुरक्षित व उपयुक्त वाटली तर विक्रीचा परवाना द्यायचा. परवाना मिळाला की खासगी दवाखान्यात ती लस विकत मिळू शकते. सरकारी लसीकरण कार्डावर मात्र तिची ओळ येत नाही.

ती ओळ यावी की नाही, हे सुचवण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २००१ मध्ये 'राष्ट्रीय लसीकरण तांत्रिक सल्लागार गट' नेमला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सगळे 'एनटॅगी' म्हणतात; आपणही तेच म्हणू. ब्रिटनमध्ये असा गट १९६३ पासून आहे, अमेरिकेत १९६४ पासून. आपला उशिरा आला, पण त्याच्या एका शिफारशीचा आवाका बघा: भारतात दर वर्षी अडीच कोटींहून जास्त बाळं जन्मतात, आणि कार्डावर एक ओळ वाढली की त्या प्रत्येक बाळासाठी तेवढे डोस, सुया, फ्रिजमधली जागा आणि लस टोचणाऱ्या परिचारिकांचा, म्हणजे एएनएम ताईंचा, वेळ लागतो.

खोलीत कोण बसतं

एनटॅगीचे अध्यक्ष केंद्रीय आरोग्य सचिव. सहअध्यक्ष दोन: जैवतंत्रज्ञान विभागाचे सचिव आणि आरोग्य संशोधन विभागाचे सचिव, जे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे महासंचालकही असतात. बाकी सदस्यांत बालरोगतज्ज्ञ, साथरोगतज्ज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्र आणि प्रतिकारशक्तीचे अभ्यासक, शिवाय डॉक्टरांच्या संघटनांचे प्रतिनिधी.

खरं घासकाम मात्र खालच्या पातळीवर होतं. एखाद्या लशीचा विषय आला की आधी एक छोटा कार्यगट बसतो. तो जगभरचे अभ्यास गोळा करतो, भारतातली आकडेवारी मागवतो, नसेल तर नाही म्हणून लिहितो. त्याचा अहवाल २०१३ पासून असलेल्या स्थायी तांत्रिक उपसमितीपुढे जातो. उपसमिती त्यावर वाद घालते, कधी परत पाठवते. तिथून तो मुख्य गटाकडे आणि शेवटी मंत्रालयाकडे. सदस्यांनी आपले हितसंबंध लेखी जाहीर करायचे असतात; ज्याचा त्या लशीशी किंवा कंपनीशी संबंध आहे त्यानं त्या विषयापुरतं बाजूला व्हायचं.

आधी आजार मोजा

पहिला प्रश्न लशीचा नसतोच, आजाराचा असतो. रोटाव्हायरसचं उदाहरण घेऊ, कारण भारतानं हे काम इतक्या पद्धतशीरपणे फार कमी वेळा केलं आहे.

लहान मुलांना होणाऱ्या जुलाबामागे शंभर कारणं असू शकतात, आणि दवाखान्यात सहसा कारण शोधत बसत नाहीत. मीठ-साखर-पाणी देतात, गरज पडली तर सलाइन लावतात. मग त्यातले किती जुलाब रोटाव्हायरसचे, हे कळणार कसं? २००५ मध्ये वैद्यकीय संशोधन परिषदेनं देशभरातल्या रुग्णालयांचं एक जाळं उभारलं. जुलाबामुळे दाखल झालेल्या पाच वर्षांखालच्या मुलांचे नमुने तपासले जाऊ लागले. सुमारे ४० टक्के मुलांमध्ये रोटाव्हायरस सापडला. त्यावरून काढलेल्या अंदाजानुसार, लस येण्यापूर्वी दर वर्षी ८ लाख ७० हजारांच्या आसपास मुलं यामुळे रुग्णालयात दाखल होत होती आणि सुमारे ७८ हजार दगावत होती.

हे आकडे नसते तर समितीपुढे फक्त कंपनीची जाहिरात आणि डॉक्टरांचे अनुभव असते. जपानी मेंदुज्वराची लस मुंबईतल्या बाळाच्या कार्डावर नसते, पण विदर्भातल्या काही जिल्ह्यांत दिली जाते, तेही याच मोजणीमुळे. आजार जिथे सापडतो तिथे लस.

५६ टक्क्यांवर समाधान का मानलं?

रोटाव्हायरसची देशी लस ज्या विषाणूपासून तयार झाली, तो दिल्लीच्या एम्समध्ये ऐंशीच्या दशकात सापडला. तिथल्या नवजात बाळांना त्याची लागण होत होती, पण जुलाब होत नव्हते, आणि पुढे गंभीर आजारापासून संरक्षणही मिळत होतं. डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे हेरलं. शेवटच्या टप्प्याची चाचणी दिल्ली, पुणे आणि वेल्लोर या तीन ठिकाणी ६,७९९ बाळांवर झाली. पुण्याचं काम के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राकडे होतं.

निकाल असा: पहिल्या वर्षात रोटाव्हायरसच्या गंभीर जुलाबापासून सुमारे ५६ टक्के संरक्षण. परदेशी लशी युरोप-अमेरिकेत ८५ टक्क्यांच्या वर जात होत्या. मग आपल्या मुलांना दुय्यम दर्जाची लस का, असा सवाल तेव्हा झाला आणि अजूनही होतो.

दोन गोष्टी त्यात सुटतात. एक म्हणजे त्याच परदेशी लशी आशिया-आफ्रिकेतल्या गरीब देशांत तपासल्या तेव्हा त्यांचंही संरक्षण ४० ते ६० टक्क्यांच्या घरात आलं. पोटातले इतर जंतू, कुपोषण, आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अशी कारणं त्यामागे सांगितली जातात. म्हणजे तुलना करायची तर न्यूयॉर्कच्या बाळाशी नव्हे, ढाक्याच्या बाळाशी. दुसरी गोष्ट साध्या गुणाकाराची. सर्दीच्या लशीचे ५६ टक्के आणि जिच्यामुळे ८ लाख ७० हजार मुलं रुग्णालयात जातात अशा आजाराच्या लशीचे ५६ टक्के सारखे नसतात. लस सगळ्यांपर्यंत पोचली तर यातली चार लाखांहून जास्त मुलं दाखलच होणार नाहीत. आणि डोसची किंमत साधारण एक डॉलर.

आता धोक्याची बाजू. १९९८ मध्ये अमेरिकेत रोटाव्हायरसची पहिली लस आली आणि वर्षभरात मागे घ्यावी लागली. साधारण दहा हजारांत एका बाळाच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्या भागात सरकून अडकत होता. वेळेत उपचार नसतील तर ते जिवावर बेततं. चाचणीत काही हजार बाळं असतील तर दहा हजारांत एक असा धोका दिसेलच याची खात्री नसते. त्यामुळे भारतीय लशीबद्दलही शंका घेतली गेली. एका केंद्राची आकडेवारी वेगळी जाहीर करा ही मागणी न्यायालयापर्यंत गेली. संशोधकांचं म्हणणं होतं की एकेका केंद्रातली बाळं अशा तुलनेसाठी पुरेशी नाहीत. माझ्या मते मागणी करणाऱ्यांचा सूर टोकाचा असला तरी मागणी गैर नव्हती.

वाद मिटला तो पुढच्या नोंदींमुळे. मार्च २०१६ मध्ये लस एकदम देशभर न देता आधी आंध्र प्रदेश, हरियाणा, हिमाचल आणि ओडिशा या चार राज्यांत दिली. त्याच सुमारास २७ रुग्णालयांत आतडं अडकलेल्या प्रत्येक बाळाची नोंद सुरू झाली. २०१९ पर्यंतच्या या नोंदींत लशीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही. चार राज्यांपासून सुरुवात करणं याला कुणी सरकारी संथपणा म्हणेल. चाचणीत न दिसणारं पाहण्याची ती एक रीत होती.

जन्मतःच्या डोसचं गणित

आता हिपॅटायटिस-बी. हा विषाणू मोठेपणी शरीरात शिरला तर शंभरातल्या ९५ हून जास्त लोकांचं शरीर त्याला हुसकावून लावतं. जन्मताना आईकडून आला तर मात्र शंभरातल्या सुमारे ९० बाळांमध्ये तो कायमचा ठाण मांडतो, आणि तीस-चाळीस वर्षांनी यकृत निकामी होणं किंवा यकृताचा कर्करोग या रूपात उगवतो. भारतात असे कायमचे बाधित तीन ते चार कोटींच्या घरात आहेत, आणि बहुतेकांना ते माहीत नाही.

ज्या देशात प्रत्येक गरोदर बाईची तपासणी होते, अहवाल वेळेत येतो आणि तो बाळंतपणाच्या खोलीपर्यंत बरोबर पोचतो, तिथे 'आईला लागण नसेल तर डोस लांबवा' हे निदान कागदावर मांडता तरी येतं. (अमेरिकेतही ही साखळी अनेकदा तुटते, आणि तिथल्या बालरोगतज्ज्ञांचा मुख्य आक्षेप हाच आहे.) मेळघाटातून ऐनवेळी आलेल्या बाईच्या तपासणीचा कागद सापडेपर्यंत चोवीस तास उलटून जातात. म्हणून आपली शिफारस तपासणीवर अवलंबून नाही: प्रत्येक बाळाला, शक्यतो पहिल्या चोवीस तासांत. नंतर सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला पंचगुणी (पाच आजारांवरच्या एकत्रित) लशीतून पुढचे डोस. एडिसनच्या बातमीमुळे चिंचवडच्या बाळाचा डोस चुकवण्याचं काहीही कारण नाही.

बार्शीच्या मुलींकडून आलेला पुरावा

सगळे पुरावे सारख्या वजनाचे नसतात. ज्या अभ्यासात कुणाला लस आणि कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं असतं, तो सगळ्यात भरवशाचा. नुसतं निरीक्षण करून केलेला त्याखाली, एखाद्या तज्ज्ञाचं मत सगळ्यात खाली. समित्या प्रत्येक मुद्द्यापुढे पुराव्याची खात्री किती हे लिहितात: भक्कम, मध्यम, कमी, फारच कमी. पुरावा कमी असला म्हणजे शिफारस करायचीच नाही असं नसतं. पण मग ती का केली, हे सांगावं लागतं.

याची सर्वांत विलक्षण गोष्ट गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या एचपीव्ही लशीची आहे आणि तिचा एक धागा सोलापूर जिल्ह्यात आहे. भारतात या कर्करोगाचे दर वर्षी सव्वा लाखाच्या आसपास नवे रुग्ण आढळतात आणि ७५ हजारांहून जास्त बायका दगावतात. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं भारतात एक अभ्यास सुरू केला: तीन डोस हवेत की दोन पुरतील? बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि पुणे यांसह देशातल्या नऊ ठिकाणी मिळून वीस हजार मुलींना लस द्यायची होती.

एप्रिल २०१० मध्ये सगळं थांबलं. खम्मम आणि वडोदरा इथे चालू असलेल्या एका वेगळ्याच एचपीव्ही प्रकल्पातल्या सात मुलींचे मृत्यू झाले होते. चौकशीत ते मृत्यू लशीमुळे झाल्याचं आढळलं नाही. पण त्या प्रकल्पात संमती कशी घेतली गेली याचे धिंडवडे संसदीय समितीनं २०१३ च्या अहवालात काढले, आणि ते रास्तच होतं. सरकारनं एचपीव्हीच्या सगळ्याच चाचण्यांमधलं लसीकरण बंद केलं. बार्शी-पुण्याच्या अभ्यासात तोवर १७ हजारांहून जास्त मुलींना लस मिळाली होती. कुणाला तीन डोस, कुणाला दोन, आणि जवळपास पाच हजार मुलींना फक्त एक.

नियोजनाप्रमाणे पाहिलं तर अभ्यास मोडला होता. संशोधकांनी तो सोडला नाही; त्या मुलींची दहा वर्षं पाठराखण केली. २०२१ मध्ये निकाल आला: कर्करोगाला मुख्यतः कारणीभूत असलेल्या दोन विषाणू-प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या लागणीपासून एका डोसनं सुमारे ९५ टक्के संरक्षण दिलं होतं, दोन-तीन डोसांच्या तोडीस तोड.

आता समितीच्या खुर्चीत बसून बघा. निकाल छान आहे, पण एक डोस कुणाला मिळाला हे चिठ्ठ्यांनी ठरलं नव्हतं, सरकारी बंदीनं ठरलं होतं. वजन किती द्यायचं? मग केनियात चिठ्ठी पद्धतीनं केलेल्या अभ्यासातून २०२२ मध्ये तसाच निकाल आला, आणि एप्रिल २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानं एक डोस पुरेसा ठरू शकतो असं सांगितलं. डोस तिनावरून एकावर आले तर तेवढ्याच पैशात तिप्पट मुलींपर्यंत पोचता येतं. बार्शीच्या त्या मुली आज तिशीच्या आसपास असतील, आणि जगभरातल्या मुलींना किती वेळा सुई टोचायची हे ठरण्यात त्यांचा वाटा आहे.

सुई, फ्रिज आणि पैसा

लस उत्तम, आजार गंभीर, तरी मालच मिळत नसेल तर? २०१६ मध्ये टोचून द्यायच्या पोलिओ लशीचा जगभर तुटवडा होता. एनटॅगीच्या शिफारशीवरून भारतानं स्नायूत अर्ध्या मिलीचा एक डोस देण्याऐवजी कातडीत ०.१ मिलीचे दोन डोस द्यायला सुरुवात केली, सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला. अभ्यासांनुसार दोन छोट्या डोसांनी एका पूर्ण डोसापेक्षा चांगली प्रतिकारशक्ती येत होती. लस लागली ०.५ ऐवजी ०.२ मिली. आणि कातडीत टोचण्याचं कसब एएनएम ताईंच्या हातात होतंच, कारण बीसीजी तशीच देतात. २०२३ पासून नवव्या महिन्यात तिसरा छोटा डोसही जोडला गेला.

न्यूमोनियावरच्या पीसीव्ही लशीचं अडलं ते किमतीवर. खासगीत एक डोस हजारो रुपयांना. २०१७ मध्ये हिमाचल आणि बिहार-उत्तर प्रदेशच्या काही भागांत सुरुवात झाली, पण देशभर ती पोचली २०२१ मध्ये, पुण्यातल्या सीरमची स्वस्त लस परवाना घेऊन आल्यावर. घाटात चालेल अशी बस परवडेल अशा भावात मिळेपर्यंत फेरी लांबली.

कोविशिल्डच्या दोन डोसांमधलं अंतर सारखं का बदलत होतं?

'आधी म्हणाले चार आठवडे, मग सहा, मग बारा. यांना काही कळतं तरी का?' हे वाक्य २०२१ मध्ये ऐकलं नाही असा माणूस विरळा. जानेवारीत चार आठवड्यांपासून सुरुवात झाली, मार्चमध्ये ते सहा ते आठ झालं, १३ मे रोजी बारा ते सोळा. मार्च २०२२ मध्ये पुन्हा आठ ते सोळा.

यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. पुरावा खरोखरच बदलत होता: दोन डोसांत जास्त अंतर ठेवलं तर प्रतिकारशक्ती जास्त येते असं परदेशातून दिसत होतं. त्याच वेळी १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांना लसीकरण खुलं झालं होतं आणि केंद्रांवर लस नव्हती. १४ मे रोजी, म्हणजे आपण अंतर वाढवल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ब्रिटननं पन्नाशीपुढच्या लोकांसाठी अंतर बारावरून आठ आठवड्यांवर आणलं. विषाणूचा डेल्टा प्रकार पसरत होता आणि तिथल्या बहुतेक वयस्कांचा पहिला डोस झालेला होता. त्यांना दुसरा डोस लवकर देणं महत्त्वाचं वाटलं. आपल्याकडे पहिलाच डोस कोट्यवधींना मिळायचा होता.

हे असंच मोकळेपणानं सांगितलं असतं तर लोकांना पटलं असतं. सांगितलं गेलं ते असं, की निर्णय निव्वळ वैज्ञानिक आहे, टंचाईचा संबंध नाही. महिनाभरात समितीतल्या काही शास्त्रज्ञांनी, त्यात साथरोगतज्ज्ञ डॉ. एम. डी. गुप्तेही होते, वृत्तसंस्थेला सांगितलं की आठ ते बारा आठवडे त्यांना मान्य होते. सोळापर्यंत जाण्याइतका पुरावा नव्हता. कार्यगटाचे प्रमुख डॉ. एन. के. अरोरा यांनी मतभेद नव्हते असं सांगितलं. तज्ज्ञांत मतभेद असणं हा दोष नव्हे. मतभेद वर्तमानपत्रातून कळणं हा आहे.

अध्यक्ष सरकारी सचिव, मग स्वतंत्र कसली समिती?

आक्षेप खरा आहे. ज्या मंत्रालयाला सल्ला द्यायचा त्याच मंत्रालयाचे सचिव अध्यक्षस्थानी. असे गट सरकारपासून अंतर राखून असावेत, हा जागतिक पातळीवर मानला गेलेला आदर्श आहे. बाजू मांडणारे म्हणतात, सचिवच अध्यक्ष असल्यानं शिफारस फायलींत हरवत नाही. मला हे अर्धंच पटतं. ब्रिटनमध्ये उलट व्यवस्था आहे: समिती बाहेरच्या तज्ज्ञांची, आणि सरकारनं विचारलेल्या लशीबद्दल तिनं 'खर्चाच्या मानानं फायदेशीर' असा कौल दिला तर इंग्लंडमध्ये ती देणं आरोग्यमंत्र्यांवर कायद्यानं बंधनकारक असतं. आपल्याकडे शिफारस ही शिफारसच.

कंपन्यांचा दबाव? हितसंबंध जाहीर करण्याचे नियम त्यासाठीच आहेत, पण नियम पाळले जातात हे लोकांना दिसायला हवं. डॉ. जेकब पुलियल, जे स्वतः पूर्वी एनटॅगीचे सदस्य होते, कोविड लशींबाबत सर्वोच्च न्यायालयात गेले. २ मे २०२२ च्या निकालात न्यायालयानं लसीकरण धोरण अवाजवी ठरवलं नाही, पण कुणावरही लशीची सक्ती करता येत नाही असं स्पष्ट केलं, आणि चाचण्यांची माहिती व दुष्परिणामांच्या नोंदी खुल्या करण्याबाबत निर्देश दिले. एनटॅगीच्या बैठकांची इतिवृत्तं मंत्रालय प्रसिद्ध करतं. ती इंग्रजीत असतात आणि सामान्य माणसाला शोधून सापडणं कठीण. ज्या आशाताईंना दारात उभं राहून 'ही लस का?' याचं उत्तर द्यायचं आहे, त्यांच्यापर्यंत यातलं काही मराठीत पोचत नाही.

शिफारस झाली, लस कुठे आहे?

एनटॅगीनं जून २०२२ मध्ये सुचवलं, की ९ ते १४ वर्षांच्या मुलींना एकदा एचपीव्ही लस द्यावी आणि मग नवव्या वर्षी नेहमीसाठी सुरू करावी. पुढच्याच महिन्यात देशी लशीला परवाना मिळाला. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात तिचा उल्लेख झाला. पण ते वर्षही संपलं तरी देशभरच्या नियमित कार्यक्रमात लस आलेली नव्हती. शिफारशीनंतर खर्चाची मंजुरी, खरेदी, फ्रिजची जागा, शाळांशी बोलणी, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण असे टप्पे असतात, आणि प्रत्येक ठिकाणी फाइल थांबू शकते. सिक्कीमनं मात्र २०१८ मध्येच आपल्या मुलींना ती देऊन टाकली होती.

टायफॉइडच्या नव्या लशीचंही तसंच. भारतात तिला परवाना २०१३ मध्ये मिळाला, एनटॅगीची शिफारस आली २०२२ मध्ये. मधल्या काळात नवी मुंबई महापालिकेनं वाट न पाहता २०१८ मध्ये पहिल्या टप्प्यात नऊ महिने ते चौदा वर्षांच्या १ लाख १३ हजार मुलांना ती दिली. सरकारी यंत्रणेतून ही लस देणारी भारतातली ती पहिली मोहीम. त्यातून लशीचा प्रत्यक्ष परिणाम किती, हेही मोजलं गेलं.

मग खासगी यादीतल्या जास्तीच्या लशींचं काय?

बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, आपली वेगळी यादी काढते. तिच्यात कांजिण्या, हिपॅटायटिस-ए, फ्लू, टायफॉइड अशा सरकारी कार्डावर नसलेल्या लशी असतात. 'सरकार देत नाही म्हणजे गरज नाही' आणि 'सरकारी कार्ड गरिबांचं, अपुरं' हे दोन्ही ग्रह सोडून द्यावेत. अकॅडमी एका डॉक्टरपुढे बसलेल्या एका बाळाचा विचार करते, ज्याचे आईवडील पैसे मोजू शकतात. एनटॅगीला अडीच कोटींहून जास्त बाळांसाठी एकाच वेळी ठरवायचं असतं.

पैशाची ओढाताण असेल तर क्रम सोपा आहे: आधी सरकारी कार्ड पूर्ण करा, तेही वेळेवर. ते फुकट आहे आणि जिवावर उठणारे बहुतेक आजार त्यात येतात. त्यापुढच्या लशींबद्दल डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: हा आजार आमच्या भागात किती दिसतो, माझ्या मुलाला तो झाला तर किती गंभीर होऊ शकतो, आणि ही लस किती वर्षं टिकते. पाणी कसं येतं याची खात्री नसलेल्या वस्तीत राहत असाल तर त्या यादीत टायफॉइडचा नंबर कांजिण्यांच्या आधी लागतो.